हात पोचला तेवढाच फणस

बाबा,

गेल्या शनिवारी आणि रविवारी मी सुतार पक्षी बघायला गेले होते. मेस्ताची, म्हणजे सुतारकाम करणाऱ्याची, मुलगी सुतार बघायला परक्या माणसांबरोबर मिनीबसमधून जाते, हे ऐकून तू पोट धरून हसला असतास. माझ्या मुलीनं आम्हां दोघींची नावं घातली होती. ऐनवेळी तिला ऑफिसातून सुटका मिळाली नाही, तेव्हा म्हणाली, आई, तू एकटी तरी जा, घरात नुसत्या येरझारा घालत असतेस. खरं आहे ते. मला स्वस्थ बसता येत नाही. मी डिचोलीच्या एका शाळेच्या कचेरीत कारकून आहे, आणि तिथले हेडमास्तर विचारतात, बाई, तुमच्या खुर्चीला चाकं आहेत का. आज मंगळवार, मी रजा टाकून घरी आहे. सकाळपासून ओटा दोनदा धुतला, कपाट काढून परत लावलं, आणि शेवटी कागद घेऊन मेजाशी बसले. घरात मी तुला 'तू'च म्हणायचे. मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप 'तुम्ही'कडे वळतो, ती शाळेची सवय. पण 'तुम्ही' लिहून पाहिलं तर समोर कुणी भलतेच गृहस्थ येऊन बसले. तेव्हा तूच.

आम्ही नऊ जण होतो. पुण्याकडची पाच माणसं, पर्वरीचं एक जोडपं, मी, आणि आम्हाला घेऊन फिरणारी पेडण्याची एक बाई. वय पस्तिशीच्या आत, गळ्यात दुर्बीण, आवाज असा की शेजारच्यालाच ऐकू यावा. पुण्याच्या माणसांशी ती छापील मराठी बोलायची आणि माझ्याकडे वळली की पेडण्याची बोली. दोन दिवसांत पाच तऱ्हेचे सुतार दाखवीन, असं तिनं निघतानाच सांगितलं होतं. पहिला दिवस मयेला. म्हणजे आपल्याच गावात मला पाहुणीसारखं बसमधून उतरवलं, तळ्याच्या काठी चहा आणि उंडे पाव दिले, आणि सांगितलं की आता वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त ऐकायचं. बाकीचे आरतीला उभे राहावेत तसे उभे राहिले. मी चार मिनिटं कशीबशी काढली. मग माझा हात शेजारच्या झाडावर गेला आणि बोटांच्या पेरांनी ठोकायला लागला. मला कळलंसुद्धा नाही.

"काकी, वायच गप रवा," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "तुमी ठोकलास काय तो उडान जातलो." मी हात मागे बांधले. पाच मिनिटांनी परत तेच. या खेपेला ती रागावली नाही. म्हणाली, "तुमी आयकतास तरी काय?" मी म्हटलं, झाड घट्ट आहे की पोकळ, ते. "तुमकां कळता?" "बापायन शिकयलें." "मगे ह्या झाडाचां काय?" मी आणखी दोनदा ठोकलं आणि सांगितलं, घट्ट. मान वर करून शेंड्यापर्यंत नजर फिरवत ती बराच वेळ उभी राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तिचा उगीचच राग आला. दुपारी जेवताना मी तिच्यापासून लांब बसले, आणि आपल्या वाडीकडे जाणारी पायवाट दिसत होती तिकडे पाठ केली.

तूही असाच वर बघायचास. तू साखळीला दारं-चौकटी करायचास, पण रविवारी आसपासच्या वाड्यांवरून लोक तुला झाड बघायला बोलवायचे. झाड विकायचं, तोडायचं की ठेवायचं, ते तुझ्या शब्दावर ठरायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून तुझ्यामागून येते, कारण घरी राहिलं तर भांडी घासावी लागतात. तू झाडापाशी पोचतोस, कुऱ्हाड जमिनीला टेकवतोस आणि नुसता उभा राहतोस. विडी नाही, बोलणं नाही. एक फेरी, दुसरी फेरी, मान वर. झाडाचा धनी कंटाळून पान लावायला बसतो. मग केव्हातरी कुऱ्हाडीच्या पाठीनं तीनचार ठोके, तेही कान लावून. घट्ट लाकूड कोरडं आणि आखूड बोलतं, पोकळ लाकूड पोटातून बोलतं, हे तू मला ठोकून ठोकून शिकवलंस. तेवढं मला चटकन आलं. त्याच्या आधीचं उभं राहणं काही आलं नाही. तू फेऱ्या मारत असायचास तोवर माझे चार ठोके मारून झालेले असायचे, आणि तू म्हणायचास, "आदीं वयर पळय, मागीर हात लाय. तुजो हात रावना गो." मला वाटायचं, वर काय बघायचंय, पानं आणि आभाळ. मोठी माणसं आपलं काम अवघड दाखवायला असं काहीतरी करतात, असा माझा समज होता.

आपल्या घराचं दार तुला आठवत असेलच. खाणीवर यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्यांचं दार. त्यावर परदेशी अक्षरं छापलेली, आणि तू फळी उलटी लावल्यामुळे ती डोक्यावर उभी. लोकांची शिसवी दारं करणाऱ्या माणसाच्या घराला खोक्याचं दार, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आई चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता रोज तेच सुरू करायची. "मेस्ताच्या घराक खोक्याचें दार. येता-वता लोक हासतात." तू ताटात बघत जेवायचास. कधी म्हणायचास, बघू, फणस मिळाला की करू. फणसाच्या पिवळ्या लाकडाचं दार, दोन झडपांचं, हे आईच्या मनात इतकं बसलं होतं की ती वाडीतल्या बायकांना विहिरीवर त्याच्या कड्या कशा असतील ते सांगायची. त्यामुळे सगळ्या वाडीला ठाऊक होतं की मेस्ताला फणस हवा आहे. पुढे घात झाला तो याच्यामुळे.

ते दिवस तुला वेगळे सांगायला नकोत. कोकणी की मराठी यावरून भिंती रंगलेल्या, चहाच्या दुकानात दोन भाऊ एका बाकावर बसेनासे झालेले, बस येईल की नाही याचा नेम नाही. आपल्या घरी बोलणं एका भाषेत आणि पोथी दुसऱ्या भाषेत, आणि त्यात काही भांडण आहे हे मला बाहेर गेल्यावरच कळायचं. गोव्याचं राज्य होणार म्हणून बोलणी चालली होती. साखळीचा एक वखारवाला सांगत फिरायचा, "राज्य जालें काय सगळे घरां बांदतले. लाकूड उरचें ना." त्यानं आपल्या शेजारच्या शेतकऱ्याचा जुना फणस हेरला. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या बांधावरचा, फळं धरायचा थांबलेला, सरळ खोडाचा. शेजाऱ्यालाही तो काढून तिथं खोली बांधायची होती. दोघांनी तुला बोलावलं. एप्रिलमधला रविवार, माझी वार्षिक परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार, आणि मी पुस्तक टाकून तुझ्यामागून आले.

तू त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ वर बघतोस. वादळात कधीकाळी मोडलेली एक जाड फांदी, तिचा खुंट उरलेला, त्याच्याखाली काय आहे ते तू बघतोस, पण मी बघत नाही. मी ठोकते. खाली, माझ्या छातीच्या उंचीवर, चहूबाजूंनी. घट्ट, कोरडं, आखूड. वखारवाला आणि शेजारी, आणि जमलेली पाचसहा माणसं वाट बघतात. मग तू एकदाच ठोकतोस आणि म्हणतोस, "पोकळ आसा. घेव नाका." शेजाऱ्याचा चेहरा पडतो. वखारवाला म्हणतो, "खरेंच रे मेस्ता? म्हाका तर बरो दिसता." आणि मी, तेरा वर्षांची, कुणी न विचारता सगळ्यांसमोर म्हणते, "ना बाबा, घट्ट आसा. आयक." आणि परत ठोकून दाखवते.

माणसं हसली. वखारवाल्यानं तुझ्या हातातली कुऱ्हाड घेऊन बुंध्यावर दोन घाव घातले, आणि आतून हळदीसारखं पिवळं लाकूड निघालं. त्यानं त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "चेडवाचो कान बापायपरस बरो." मी फुलून गेले, बाबा. आज लिहितानासुद्धा ते फुलणं मला आठवतं आणि लाज वाटते. तू वर बोट नेलंस. काहीतरी सांगणार होतास. मग तू माझ्याकडे बघितलंस, आणि बोट खाली आणलंस, आणि कुऱ्हाड परत घेऊन घरी चालू लागलास. मला वाटलं, चूक कबूल करायला तुला जड जातंय.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर बोलणं झालं होतं. मेस्ताची चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. इतक्या वर्षांत ज्याचा ठोका चुकला नाही तो असा चुकेल कसा? तर मेस्ताला फणस स्वतःला हवा होता. दारासाठी. झाड पोकळ ठरवायचं, वखारवाला गेला की शेजाऱ्याकडून मागून घ्यायचं. पोरीनं बिंग फोडलं. आईनं हे ऐकलं आणि घरी येऊन चुलीपुढे बसली ती उठली नाही. त्या दिवसापासून दाराचा विषय तिनं काढला नाही. पुढच्या बाजाराला वखारवाल्यानं माझ्यासाठी बटण दाबलं की उघडणारी छत्री पाठवली. आई म्हणाली परत दे. तू म्हणालास, "रावूं दी." ती छत्री खुंटीवर टांगलेली असायची, आणि तू तिच्याखालून वाकून आत-बाहेर करायचास.

त्यानंतर तुला झाड बघायला कुणी बोलावलं नाही. साखळीचं कामही हळूहळू कमी झालं, कारण ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याच्या चौकटीला कोण किंमत देतो. पावसाळा सरायच्या आत तू मुरगावला गेलास, बंदरात लाकडी गलबतांच्या दुरुस्तीवर. पंधरा दिवसांनी शनिवारी यायचास, रविवारी दुपारी जायचास. नऊ वर्षं असं केलंस. मग एकदा तू आला नाहीस, चौघांनी तुला आणलं. माझं सगळं वाढणं, दहावी, नोकरीचा अर्ज, पाहुणे बघायला आले ते, सगळं तुझ्या दोन शनिवारांच्या मध्ये झालं. माझा बाप खोटं बोलणारा होता की त्याचा कान गेला होता, यातलं कुठलं बरं, हे मी मनातल्या मनात कितीदा तोलून बघितलं. दोन्ही नको वाटायचं.

रविवारी आम्ही पेडण्याच्या बाजूला गेलो. देवाचं रान, म्हणून तिथं कुऱ्हाड लागत नाही. झाडं अशी की मान दुखावी. सात वाजायच्या सुमाराला आवाज आला, टक टक टक, आणि सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या. सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतार खोडाला चिकटून वर वर सरकत होता. पुण्याच्या माणसांनी पन्नास फोटो काढले. तो एका भोकाशी थांबला, आत डोकावला आणि उडून गेला. सगळ्यांनी पक्षी बघितला, मी भोक बघत राहिले. पर्वरीच्या जोडप्यातल्या नवऱ्यानं विचारलं, एवढं मोठं झाड हा पक्षी पोखरतो कसं? तेव्हा ती बाई म्हणाली, "तो चांगलं झाड पोखरत नाही. घरटं करायला त्याला आतून मऊ झालेलं लाकूड लागतं. वर कुठेतरी फांदी मोडलेली असते, त्या खुंटातून वर्षानुवर्षं पाणी आत जातं आणि कूज वरून खाली उतरत येते. माणसाला खालून काही कळत नाही. बुंधा दगडासारखा असतो. सुताराला मात्र बरोबर कळतं." मग माझ्याकडे वळून ती हसली आणि बोलीत म्हणाली, "काकी, काल तुमी सांगलास तां खरां. पण तुमचो हात पोचलो तितक्याच पुरतां."

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला काय ठाऊक. पण मला तिथं उभं राहवेना. मी सरळ चालायला लागले, वाट नसलेल्या बाजूला, आणि ती मागून आली. मी तिला विचारलं, बुंधा घट्ट आणि वर पोकळ, असं फणसाचं होतं? म्हणाली, जुन्या फणसाचं तर हटकून होतं. विचारलं, जाणत्या माणसाला ते खालून बघून कळेल? म्हणाली, भोक दिसलं तर कळेल, आणि भोक बघायची नजर असेल तर. मग मी तिला तुझी सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती माझा दंड धरून उभी होती. मी म्हटलं, बघ, चाळीसेक वर्षांनी आज कळलं की माझा बाप खरं बोलला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना बसमध्ये तिनं ते सगळ्यांना सांगितलं, आणि पुण्याच्या एका बाईनं उठून माझा हात हातात घेतला. डिचोलीला उतरले तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. मी घरी आले, आंघोळ केली, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

कारण एकदा मी मुरगावला आले होते, तुला आठवतं? मी सतरा वर्षांची, कॉलेजच्या फॉर्मवर तुझी सही हवी होती. आईनं पिठी आणि सुके बांगडे बांधून दिले. दोन बस बदलून आले. तू धक्क्याच्या कडेला एका उलट्या केलेल्या होडीखाली बसला होतास आणि फळ्या ठोकून बघत होतास. ठोकण्याआधी बराच वेळ बघत होतास. शेजारी दोन माणसं खडू घेऊन उभी, तू बोट दाखवशील तिथं खूण करायला. त्यातल्या एकाला मी विचारलं, सगळ्याच फळ्या परत ठोकून बघत नाही का तुम्ही? तो म्हणाला, "मेस्तान सांगलें म्हणजे जालें." आपल्या गावात तुझा शब्द कुणी घेत नव्हतं, आणि तिथं खडूची खूण तुझ्या बोटामागून जात होती. तू मला बघून उठलास, हात पुसलेस, आणि त्या दोघांना म्हणालास, "ही म्हजी चली. हिचो कान म्हजेपरस बरो." हसत म्हणालास. टोमणा नव्हता त्यात, मी खूप शोधला. सही केलीस, चहा पाजलास, मला बसमध्ये बसवून दिलंस. बसच्या जनेलातून मी तुला विचारणारच होते. बस सुटली. सुटली म्हणून विचारलं नाही, असं मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मी बसल्यावर बस दहा मिनिटं तिथंच उभी होती, बाबा. ड्रायव्हर खाली उतरला होता.

आता जे त्या बाईला सांगितलं नाही ते लिहिते. मला परवा काही कळलं नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं.

फणस पाडला तो गुरुवारी, माझा शेवटचा पेपर होता त्या दिवशी. शाळेतून सुटले ती थेट बांधावर गेले, माझं झाड बघायला. मी त्याला माझं म्हणत होते. खालचा ओंडका ट्रकमधून गेलेला. वरचा भाग माणसांनी व्हाळाच्या काठावर लोटून दिला होता. वाकडा आहे, चिरायला येणार नाही, असं वखारवाला शेजाऱ्याला सांगून गेला होता. मेस्ताचं न ऐकता पोरीचं ऐकलं आणि फसलो, हे कोणता व्यापारी चारचौघांत सांगेल? मी खाली उतरले. ओंडक्याचं कापलेलं तोंड माझ्याकडे होतं. कडेला चार बोटं पिवळं लाकूड, आणि मध्ये नुसता काळोख. मी हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. तपकिरी भुसा. खोल कुठेतरी काहीतरी मऊ लागलं, आणि मी हात ओढून घेतला. ते काय होतं ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

मी घरी येऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. सगळी वाडी व्हाळावर येऊन बघून गेली असती. मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. माडाखाली पडलेली सुकी चुडतं ओढत आणली आणि त्या तोंडावर रचली, काही दिसू नये अशी. मला कुणी ओरडेल म्हणून नव्हे. शाळेत मुली मला म्हणत होत्या की तुझा कान बापापेक्षा चांगला, आणि मला ते हवं होतं.

रविवारी तू डोक्यावर चुडतांचा भारा घेऊन घरी आलास. आईनं विचारलं, "खंयच्यान हाडलीं?" तू म्हणालास, "व्हाळार पडिल्लीं." आणि ती चुलीपाशी नीट लावून ठेवलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस.  दुपारी मी धावत व्हाळावर गेले. ओंडका फिरवलेला होता. पोकळ तोंड मातीच्या काठात घट्ट रुतवलेलं, वर दगड लावलेले, बाहेरून बघणाऱ्याला साधं लाकूड दिसावं असं. शेजारी पहारेचे वळ. तेवढं लाकूड एकट्या माणसानं फिरवायचं म्हणजे सकाळ गेली असेल तुझी. माझी लपवाछपवी कच्ची होती, तू ती सुताराच्या हातानं पक्की करून दिलीस. जूनमध्ये व्हाळ भरला आणि लाकूड वाहून गेलं. जुलैत तू मुरगावला गेलास.

मी तुझ्याबद्दल वाईट वाटून घेते ते पुरे झालं, तू सगळं समजून केलंस. मला झोपू देत नाही ती आई आहे. ती माझ्याकडेच असते, पाय चालत नाहीत, कान आणि जीभ शाबूत. माझ्या नवऱ्यानं हे घर बांधलं तेव्हा दाराला फणस मिळत होता. तिनं लावू दिला नाही. कुठलंही लाव, म्हणाली, फणस नको. कारण तिला वाटतं की तू खोटं बोललास ते तिच्यासाठी. रोज भाकरी थापताना तिनं दार दार केलं म्हणून. कधी जुनं काही निघालं की म्हणते, "म्हज्या दाराखातीर तो फट उलयलो, आनी म्हज्याचखातीर गेलो." चाळीसेक वर्षं ती हे म्हणते आणि मी तिला म्हणते, जाऊ दे गं आई, झालं ते झालं. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं म्हणते.

हे पत्र तुला पाठवायचा प्रश्नच नाही. ते वाचून दाखवायचं तर भिंतीपलीकडे दाखवायला हवं, आणि त्यासाठी फक्त उठून दहा पावलं चालायचं आहे. इतर वेळी मी दिवसाला हजार पावलं उगीच घालते. मघाशी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. आवाज ऐकून आईनं आतून विचारलं, "कितें बरयता गो इतलें?"

मी म्हटलं, सामानाची यादी.